डहाळमायची खिंड

देवाजी सापडला तेव्हा त्याच्या उशाशी दोन तुंबे होते.

एक रिता, एक अर्धा भरलेला. वाळलेल्या भोपळ्याच्या त्या दोन भांड्यांकडे जंगलखात्याच्या नाकेदाराने एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली. त्याचे लक्ष देवाजीच्या कपाळावरच्या जखमेकडे होते, आणि शेजारी जमिनीत उभ्या खोचलेल्या पराणीकडे. बैल हाकायची ती काठी कोणाची हे त्या टापूत सांगावे लागत नव्हते. मुठीला पितळेची तार गुंडाळलेली पराणी एकाच माणसाची होती. येरमटोल्याच्या मुखरू बंडीवाल्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चामोर्शीच्या विश्रामगृहाच्या पडवीत अनंत गुंडावार आपले आलेख गुंडाळून ठेवीत होता. सरकारी मोटारखात्याच्या नियोजन शाखेतला हा तरुण अधिकारी माणसांशी बोलताना अडखळत असे. आलेखावरच्या रेषांशी त्याचे बरे जमे. कोणत्या गावाला मोटार परवडते आणि कोणत्या गावाला परवडत नाही, हे त्या रेषा त्याला सांगत, आणि त्यांच्या आवाजात कधी रडणे नसे.

येरमटोल्याची रेषा मात्र त्याला कोडे घालीत होती. जंगलातले लहानसे गाव, ना बाजार ना गिरणी. तिथे उन्हाळ्यापुरती मोटार सुरू केली होती ती केवळ परीक्षा म्हणून. आसने भरली तर मार्ग कायम, न भरली तर बंद. आणि आसने रोज भरत होती. सकाळची खेप भरलेली, दुपारची खेप भरलेली. इतकी माणसे त्या गावात राहतात तरी कुठे, असे त्याला वाटून गेले होते.

पोलिसातला भैयाजी जमादार पायऱ्या चढून आला आणि न विचारता बाकावर बसला.

"साहेब, तुमच्या गाडीनं मानूस मारला."

"माझ्या गाडीने?"

"म्हनजे गाडीपायी मेला. येरमटोल्याचा देवाजी. काल संध्याकाळी खिंडीत सापडला. डोकं फुटलेलं. मुखरूले आम्ही रात्रीच धरून आनलं."

"मुखरूने का मारावे?"

"गाडी आली, त्याची बंडी बसली. बैल इकले त्यानं. आन् देवाजी गाडीचा मोठा कैवारी. सोपं गनित आहे. तुम्ही फक्त एवढं सांगा, मुखरूनं गाडीबद्दल काही तक्रार केली होती का?"

"कधीच नाही," अनंत म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "डॉक्टर काय म्हणतात?"

"जखम वरवरची म्हनते. पन जखम ते जखम."

"मी खिंडीत येऊ का?"

भैयाजीने त्याच्या पातळ चपलांकडे पाहिले. "या. पन मोटर नाई जात तिथी."

*

येरमटोल्याहून चामोर्शीला यायला दोन वाटा होत्या. मोटारीचा रस्ता डोंगराला लांब वळसा घालून, नदीवरच्या फरशीच्या बुटक्या पुलावरून येई. पायवाट सरळ डोंगर चढून खिंडीतून उतरे आणि निम्म्याहून कमी अंतरात पोचवी. त्या वाटेने चालताना अनंतला कालचा दिवस आठवत होता.

काल तो दुपारच्या आत रिकाम्या मोटारीतून येरमटोल्याला गेला होता. तो, ड्रायव्हर, आणि पत्रू कंडक्टर. चौथे कोणी नव्हते.

"परतीला कोणी कसे नाही?" त्याने विचारले होते.

"जाताना बसतात, येताना पायी येतात जी," पत्रू म्हणाला होता. "तेवढेच पैसे वाचतात गरिबाचे."

हे उत्तर त्याला पटले होते. शिवाय परतीचे प्रवासी कोणी मोजतच नव्हते. खात्याचा कारकून बसे तो चामोर्शीच्या नाक्यावर. तिथे उतरणारी डोकी तो मोजी. मांडीवरचे मूल मोजायचे नाही, असा नियम होता. तो नियम अनंतनेच लिहिला होता.

काल परीक्षेचा शेवटचा दिवस होता, आणि साहेब स्वतः आला आहे हे गावाला कळले होते. दुपारची मोटार निघायच्या वेळी एक वयस्कर बाई पायरीवर पाय ठेवून उभी राहिली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तरी ती हलेना.

"एक मानूस येऊन राह्यला जी. थांबा."

मग डोंगराकडून एक माणूस धावत आला. डोक्यातोंडाला शेला गुंडाळलेला, घामाने निथळणारा. तो मागच्या बाकावर जाऊन पडला आणि सगळी आसने भरली. तेव्हाच ती बाई आत आली आणि अनंतच्या शेजारी खिडकीपाशी बसली.

अनंतने संकोच गिळून विचारले होते, "चामोर्शीला कशासाठी निघालात?"

"दवाखान्यात."

"कोण आजारी आहे?"

तिने खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाली, "कोनी नाई."

त्याने पुढे विचारले नाही. तो इकडेतिकडे पाहत राहिला. कोणाजवळ टोपली नव्हती, गाठोडे नव्हते. प्रत्येकाच्या खांद्याला मात्र एक तुंबा लटकत होता. शेजारच्या बाईचे हात रिकामे होते. ते हात तिने मांडीवर असे ठेवले होते, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत आणि तिला नुसते सांभाळायला दिले आहेत.

डोंगराच्या पायथ्याशी रस्ता वळतो तिथे गाडीतला आवाज एकाएकी बंद झाला. सगळी माणसे वर डोंगराकडे पाहू लागली. बाईने खिडकीचा गज धरला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

"वर डहाळमाय आहे," पत्रू अनंतच्या कानाशी म्हणाला होता. "नमस्कार करतात."

पण कोणीही हात जोडले नव्हते. हे अनंतला आत्ता, चढावर धाप लागलेली असताना आठवले.

*

खिंडीत एका मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता. त्याच्यापुढे डहाळ्यांचा ढीग, कमरेइतका उंच. नाकेदार तिथे वाट पाहत होता. जाता जाता त्याने एक डहाळी मोडली आणि त्या ढिगावर टाकली.

"हे काय?" अनंतने विचारले.

"डहाळमाय जी. खिंड वलांडनाऱ्यानं एक हिरवी डहाळी टाकाची. नाई टाकली तं वाट घरी पोचू देत नाई."

"सगळे टाकतात?"

"चोर जरी असला तरी टाकते," भैयाजी म्हणाला आणि त्यानेही एक टाकली. "मागं एक बैलचोर आम्ही असाच धरला. पलसाची डहाळी टाकली, आन् पलस कुठी तं त्याच्याच वावरात."

अनंत ढिगाजवळ गुडघ्यावर बसला. खाली वाळून तपकिरी झालेला थर. त्याच्यावर पिवळा. त्याच्यावर मरगळलेला हिरवा. आणि सर्वांत वर सागाची, येनाची, तेंदूची कोवळी पाने, आदल्या दिवशीची, अजून पुरती न सुकलेली. एकदोन नव्हे. भारा होईल इतकी.

"गाडी सुरू झाल्यापासून या वाटेने कोण चालते?"

"मी," नाकेदार म्हणाला. "दुसरं कोन चालन? सारे गाडीनं जातात."

"तुम्ही रोज किती डहाळ्या टाकता?"

"एक."

अनंतने ढिगाकडे पाहिले. नाकेदारानेही पाहिले. पण नाकेदाराला तो ढीग जन्मापासून हिरवाच ठाऊक होता. त्यात त्याला नवल दिसले नाही.

देवाजी पडला होता ती जागा तिथून हाकेच्या अंतरावर होती. दगडावर थोडे रक्त. बाजूला ते दोन तुंबे तसेच ठेवलेले. पराणीने पाडलेले भोक कोरड्या मातीत स्पष्ट दिसत होते.

"पराणी उभी होती म्हणता. तिच्यावर काही बांधलेले होते?"

"धोतराचं पटकुर होतं जी. एक टोक पराणीले, एक फांदीले."

"म्हणजे तोंडावर सावली."

नाकेदाराने वर त्या फांदीकडे पाहिले.

"जखमेला काही लावलेले होते?"

"एकदांडीचा पाला. वाटून बसवला होता. रक्त थांबाले लावतात आमच्याकडं."

"आणि तुम्ही मुखरूला पाहिले?"

"पाहिलं ना जी. भर दुपारी, लांबून. खिंडीतून येरमटोल्याकडं पळत चालला होता. संध्याकाळी मी इकडून आलो तं देवाजी पडलेला. थंड."

"मग तुम्ही गावात निरोप धाडला."

"धाडनारच होतो. त्याच्या आधीच मानसं वर आली. चामोर्शीच्या बाजूनं. देवाजीची बायको गुणाबाई पुढं, मागं चौघं खाट घेऊन."

अनंतने मान वर केली. "खाट? रिकामी?"

"रिकामी."

"तुमचा निरोप गेलाच नव्हता. मग त्यांना कोणी कळवले?"

"जंगलात वारा सांगते साहेब," भैयाजी म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याचाही आवाज मंदावला.

"ती रडली का?"

"नाई. बसली त्याच्याजवळ. तुंबा हलवून पाह्यला. मने, अर्धाच पेला."

*

मुखरू चावडीच्या कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. पन्नाशीचा, रुंद हाडांचा माणूस. हाताला पराणीची सवय असल्याने तो मूठ अर्धवट मिटूनच बसे. अनंत त्याच्यासमोर जमिनीवर बसला. वर बसून प्रश्न विचारणे त्याला जमले नसते.

"काल दुपारी खिंडीत काय करत होता?"

"बैल शोधत होतो जी."

"बैल तुम्ही विकले."

"त्यालेच शोधत होतो."

दाराशी उभा असलेला भैयाजी हसला आणि लगेच गंभीर झाला.

"पराणी तिथे कशी राहिली?"

"पडली असन."

"पडलेली पराणी उभी राहत नाही. तुम्ही तिला पटकुर बांधून देवाजीवर सावली केली. मारणारा माणूस सावली करतो का?"

मुखरूने अर्धी मिटलेली मूठ मांडीखाली सरकवली.

"आणि मग तुम्ही धावत जाऊन मोटारीत बसलात. शेला गुंडाळलेले तुम्हीच होता. तुमच्यासाठी गाडी थांबली होती."

"मी बंडीवाला. मी मोटरीत नाई बसत."

"मी जबानी दिली तर तुम्ही सुटाल."

"सुटाचं आहे असं कोन मनलं?"

"फाशी होईल तुम्हाला."

"बंडीवाल्याले घाई नसते जी. सावकाश होऊ द्या."

अनंत उठला. दारापर्यंत गेला. तेव्हा पाठीमागून हलक्या आवाजात प्रश्न आला, धरून आणल्यापासून मुखरूने स्वतःहून विचारलेला एकच.

"साहेब, काल गाडी पुरी भरली होती ना जी?"

"पूर्ण भरली होती."

मुखरूने डोळे मिटले आणि मान हलवली. लेकरू झोपले का असे विचारल्यावर बाप जसा निर्धास्त होतो, तसा तो झाला.

अनंत बाहेरच्या उन्हात उभा राहिला. त्याला सगळे दिसले. दिसले नसते तर बरे झाले असते, असेही त्याला त्याच क्षणी वाटले.

*

येरमटोल्याच्या मधोमध एक जुनी चिंच होती. तिच्याखाली गाव जमले. पत्रूची मोटार पलीकडे उभी होती, तापलेली, रिकामी. गुणाबाई जमिनीवर बसली होती. पांढऱ्या कपाळामुळे तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. भैयाजीने मुखरूला दोरी न बांधता आणले होते.

अनंत बोलायला उभा राहिला आणि अडखळला. मग त्याने कोणाकडेही न पाहता, चिंचेच्या खोडाकडे पाहत सांगायला सुरुवात केली.

"देवाजीला कोणी मारले नाही. उन्हाने आणि चालण्याने तो खिंडीत कोसळला. पडताना दगड लागला. त्याची जखम बांधली गेली, तोंडावर सावली केली गेली. त्याच्यापाशी एकाचे नाही, दोघांचे पाणी ठेवले गेले. दुसरा तुंबा कोणाचा हे मी कालपासूनच शोधायला हवे होते, कारण तो मला दिसला होता. म्हणजे, तो नसलेला दिसला होता. दुपारच्या गाडीत प्रत्येकाच्या खांद्याला तुंबा होता. फक्त गुणाबाईंच्या नव्हता."

एका माणसाने खांद्यावरचा तुंबा पाठीमागे सरकवला.

"मी स्वतःला विचारले, मोटारीने जाणाऱ्याला तुंबा कशाला लागतो? घोटभर पाणी चामोर्शीला कुठेही मिळते. तुंबा लागतो तो जंगल तुडवणाऱ्याला. मग डहाळमायचा ढीग पाहिला. गाडी सुरू झाल्यापासून खिंडीतून कोणी जात नाही, असे नाकेदार म्हणतो. ढीग मात्र रोज ताज्या डहाळ्यांनी वाढतो. तुम्ही सगळ्या जगापासून ही गोष्ट लपवलीत. कपडे बदललेत, तोंडे झाकलीत, बोलणे गिळलेत. पण मायपुढून डहाळी न टाकता जाणे तुम्हाला जमले नाही."

एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

"तुम्हाला चामोर्शीला काही काम नव्हते. तुम्ही सकाळच्या गाडीने जात होता, नाक्यावर मोजले जात होता, आणि नाकेदाराची वेळ चुकवून, खिंडीतून धावत परत येऊन दुपारच्या गाडीत पुन्हा बसत होता. दुपारचे लोक संध्याकाळी परतत, आणि सकाळी पुन्हा बसत. मोहाफुलाचे सगळे पैसे तिकिटांत गेले. परतीच्या गाडीत कोणी बसले नाही, कारण परतीचे कोणी मोजत नव्हते. जिथे मोजत होतो, तिथे तुम्ही दिसलात."

"आन् काल?" भैयाजीने विचारले. त्याचा आवाज जमादाराचा राहिला नव्हता.

"काल शेवटचा दिवस होता. मी आलो होतो. सकाळच्या गाडीने गेलेली माणसे परतताना देवाजी कोसळला. गाव लहान आहे. खाट उचलायला चार माणसे लागतात. ती चार माणसे वर गेली असती, तर दुपारच्या गाडीतली चार आसने रिकामी राहिली असती. गुणाबाईंची पाचवी. मुखरू मागे थांबला. पण त्याचेही आसन होते. तो धावत खाली आला, तेव्हा नाकेदाराने त्याला पाहिले. हे तो सांगू शकत नव्हता. कारण खिंडीत का होतास याचे खरे उत्तर दिले असते, तर गाडी गेली असती."

त्याने प्रथमच गुणाबाईकडे पाहिले.

"चामोर्शीला उतरताच तुम्ही खाट मागून घेतलीत आणि त्या बाजूने चढलात. निरोप येण्याआधी ती खाट वर पोचली. कोण खाली पडले आहे, हे त्या गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. वळणावर सगळे गप्प झाले ते नमस्कारासाठी नव्हे. तिथून खिंड दिसते. मी तुमच्या शेजारी बसलो होतो, गुणाबाई. तुम्ही एक शब्द बोलला असता तर मी गाडी थांबवली असती."

"थांबवली असती जी," गुणाबाई म्हणाली. "म्हनूनच नाई बोलली."

चिंचेखाली वारा नव्हता. ती सावकाश, कापूस पिंजावा तशी बोलत राहिली.

"माझी वच्छला पहिलटकरीन होती. मुखरूभाऊच्या बंडीत घातली. नदी भरली होती. बंडी पान्यात रुतली. भाऊनं बैलाले मारलं, मंग सोताले मारलं. वच्छला मले मने, माय, किती राह्यलं? मी मने, आलंच. तिथीच गेली, लेकरू पोटात घेऊन." तिने मुखरूकडे पाहिले. "तवापासून भाऊ नीट जेवला नाई. गाडी आली तवा त्यानंच बैल इकून पयले पैसे देले. मने, माही बंडी मरू दे, मोटर जगू दे."

मुखरू जमिनीकडे पाहत होता.

"काल खिंडीत हे पडले. मी मनलं, मानसं आनतो, खाट आनतो. तं हे मने, आज साहेब आहे. तू जाय. एक जागा रिकामी नको राहू देऊ. मी बसतो मायपाशी." तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "असं ते मने का मलेच तसं आयकाचं होतं, हे आता मले समजत नाई साहेब. भाऊ मने, मी नाई जात. त्याले त्याइनं हाकललं. मी तुंबा ठेवला. मांगं वळून नाई पाह्यलं. पाह्यलं असतं तं पाय निंगाले नसते."

"गाडीत बसली," ती पुढे म्हणाली. "तुम्ही इचारलं, कोन आजारी. सत्तर डाव मनात आलं, सांगाव. पन गाडी आजाऱ्यासाठी पाह्यजे आन् आजारी मानूस सांगितला तं गाडीच जाते, असं झालं होतं. मी मनलं, कोनी नाई. तवाच मेले असतीन ते. माह्या तोंडानं मेले."

भैयाजीने टोपी काढून हातात घेतली.

"आता लिहा साहेब," ती म्हणाली. "खरं खरं लिहा. मुखरूभाऊले सोडा. गाडी गेली तं जाऊ द्या. एका गाडीपायी दुसरा मानूस नाई देत मी."

*

मुखरू त्याच संध्याकाळी सुटला. डॉक्टरांनी ऊन आणि हृदय अशी दोन कारणे लिहिली. तिसरे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

अनंतने नागपूरला अहवाल पाठवला. खरे खरे लिहिले, जसे तिने सांगितले होते तसे. शेवटी त्याने आपल्या परीने एक गोष्ट जोडली. ज्या गावाला गाडीची सर्वांत जास्त गरज असते, त्या गावात बसणारे बहुधा सर्वांत कमी असतात. गाडी किती भरली यावरून ती किती हवी होती हे कळत नाही. कोरा कागद समोर घेऊन त्याने एक नवा आलेखही काढायला घेतला होता. त्याची रेषा कुठून सुरू करावी हे त्याला कळले नाही.

उत्तर लवकर आले आणि एका ओळीत आले. या मार्गावर पुरेशी वाहतूक नाही. अनंतने ती ओळ अनेकदा वाचली. तीत खोटे काहीच नव्हते.

मार्ग बंद व्हायच्या शेवटच्या सकाळी तो स्वतः येरमटोल्याहून मोटारीत बसला. आता कोणी गर्दी केली नव्हती. आसने रिकामी होती, आणि रिकामी आसने खड्ड्यांवर खडखडत होती. प्रवासी म्हणून मधल्या बाकावर बुधरी नावाची एक तरणी बाई तेवढी बसली होती. तिच्या मांडीवर तापाने फणफणलेले पोर. दर थोड्या वेळाने ती त्याच्या छातीवर हात ठेवून पाही, मग ड्रायव्हरच्या पाठीकडे पाही.

"जरा हाना ना जी," ती एकदाच म्हणाली.

ड्रायव्हरने हाणली. फरशीवरून, वळणावरून, धुळीतून त्या मोडक्या रस्त्यावर ती मोटार त्या दिवशी जशी धावली तशी भरलेली असताना कधी धावली नव्हती.

डोंगराच्या पायथ्याच्या वळणावर अनंतने वर पाहिले. खिंडीत एक बाई उभी होती, बहुधा गुणाबाईच, हातात हिरवे काहीतरी. पायी निघाली होती. तिने वाकून ते खाली ठेवले आणि उभी राहून मोटारीकडे पाहत राहिली. पत्रूने भोंग्याकडे हात नेला आणि मागे घेतला. वळण सरले.

चामोर्शीच्या नाक्यावर दवाखान्याची पायवाट फुटते. मोटार थांबते न थांबते तोच बुधरी पोराला छातीशी धरून उतरली आणि पळत सुटली. दवाखान्याच्या दारातून कोणीतरी पुढे आले आणि पोर तिच्या हातून घेतले. पोर रडले. लांबून का होईना, रडण्याचा आवाज आला.

नाक्यावरच्या कारकुनाने पाटी पुढे ओढली.

"किती?"

पत्रूने अनंतकडे पाहिले. मांडीवरचे मूल मोजायचे नाही.

"एक," अनंत म्हणाला.